पेशी फोडण्याआधी

“हे सगळं कोणाच्या भीतीनं घातलंस गं?” रापिया एजेंनी विचारलं आणि माझ्या वहीच्या पानावर बोट ठेवून त्या थांबल्या.

आवाज नेहमीचाच होता, थोडा बसका, चहा प्यायल्यावर होतो तसा. त्यात राग नव्हता. तरी भर रस्त्यात कुणी डोक्यावरचा रुमाल ओढून घ्यावा तसं मला झालं. पानावर सहा नावं होती, एकाखाली एक, प्रत्येकासमोर माप. जिवाणूंच्या पेशी फोडताना आपल्याला हवं ते प्रथिन तुटू नये म्हणून द्रावणात घालायची सहा रोधकं. शेजारी प्रकाशपेटीवर काल संध्याकाळचं जेल पडलं होतं, प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून रेषांत दाखवणारा लिबलिबीत पातळ थर. ज्या जागी एक निळी रेषा दिसायला हवी होती, तिथं चार होत्या. वरची फिकी आणि खालच्या तीन गडद, म्हणजे अख्खं प्रथिन थोडं आणि तुकडे जास्त. रापिया एजे, म्हणजे रापियाताई, एकाहत्तर वर्षांच्या आहेत. दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, पण आठवड्यातले तीन दिवस अजून बिश्केकमधल्या आमच्या या प्रयोगशाळेत येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि कुणी वही पुढे केली तरच बोलतात. वही मीच पुढे केली होती. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, सातवं काहीतरी घाल.

पेशी जोवर अख्खी असते, तोवर तिच्या आतल्या कात्र्या आपापल्या जागी असतात. कात्र्या म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स. ती वाईट नसतात. जुनं, मोडकं, चुकीचं घडलेलं प्रथिन कापून टाकणं हे त्यांचं रोजचं काम, आणि पेशीत प्रत्येकाला आपली जागा असते. आपण पेशी फोडतो तेव्हा भिंतीच उरत नाहीत. सगळं सगळ्यांत मिसळतं, आणि जी कात्री कधी आपल्या प्रथिनाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती, ती त्याच्या अंगावर येते. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. सांगताना दर वर्षी मला सासरचं घर आठवतं, आणि दर वर्षी मी ते आठवलं नाही असं करते. त्या घरात सहा वर्षं मी एक वाक्य सरळ बोलले नाही. साधं ‘मीठ कमी आहे’ म्हणायचं तरी आधी ‘मला वाटतं’, मग ‘कदाचित माझ्याच जिभेला’, मग ‘पण तसं चांगलंच झालंय’. वाक्याला चारी बाजूंनी टेकू लावायचे, आणि टेकूंच्या गर्दीत वाक्य दिसेनासं व्हायचं. तिथून निघून आईकडे राहायला आले त्याला आता नऊ वर्षं झाली. टेकू मात्र बरोबर आले असावेत. त्या पानावर ते मला पहिल्यांदा सुटे सुटे, मापासकट लिहिलेले दिसले.

“भीती कसली, एजे,” मी म्हणाले. “सगळेच घालतात.”

“सगळे म्हणजे कोण? नावं सांग, फोन करते.”

पलीकडच्या टेबलावर नळ्या धुणारी गुलझात खुदकन हसली. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि दसपट निर्धास्त आहे. “एजे, तिला सांगा ना. ती झोपतानाही दोन गजर लावते.”

“तू तुझ्या नळ्या धू,” मी म्हणाले.

काल सकाळी बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी मी द्रावण तयार केलं होतं. वेळ वहीत लिहिलेली आहे. पेशींचं गोठवलेलं पाकीट बर्फात ठेवून मी ध्वनिलहरींनी पेशी फोडायची कांडी पुसत होते, तेवढ्यात दारात तोक्तोसुन आका उभे. आलाय खोऱ्यातून आलेले, दीड दिवसाचा रस्ता करून, हातात कुरुताची, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी आणि लोण्याचा डबा. ते तिथल्या एका लहान गावच्या दवाखान्यात इंजेक्शनं देतात, जखमा बांधतात, बाळंतपणंही करतात. फेब्रुवारीत आम्ही त्यांच्याच गावात शाळेच्या एका खोलीत बसून दोनशे बारा माणसांचं रक्त घेतलं होतं. इतक्या लांबून आलेल्या माणसाला ‘जरा थांबा, माझं द्रावण तयार आहे’ असं आमच्याकडे म्हणता येत नाही. पाकीट मी परत फ्रीझरमध्ये ठेवलं, द्रावण टेबलावर तसंच राहिलं. चहा झाला, नान तोडला गेला, सगळ्यांच्या आईवडिलांची, जनावरांची, वाटेवरच्या बर्फाची चौकशी झाली. मग त्यांनी पेला उपडा घातला आणि म्हणाले, “पोरी, वीस मेला कळप वर, डोंगरातल्या कुरणांत निघतात. एकदा माणसं वर गेली की सप्टेंबरपर्यंत खाली उतरत नाहीत. तू म्हणाली होतीस, त्याआधी सांगशील.”

मी म्हणालेच होते. शाळेच्या त्या खोलीत, रक्त द्यायला कचरणाऱ्या बायकांपुढे उभं राहून म्हणाले होते. मेंढीच्या यकृतात पाण्यानं भरलेले पांढरे फोड असतात ना, ते फोड करणारा कृमी माणसातही येतो, कुत्र्याच्या मार्फत. बरीच वर्षं काही कळत नाही. मग एक दिवस घोडा अडखळतो, किंवा मेंढी पोटात लाथ मारते, आणि फोड आत फुटतो. हे सांगताना मी कुणाच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. माझी आत्या चौतीस वर्षांची होती. घोडा तर साधा, बुटका, पोरं ज्याच्या शेपटीला लोंबकळायची असा. ती पडली, हसत उठली, रुमाल झटकला, आणि तासाभरात गेली. लोक म्हणाले, धसका बसला. मी नऊ वर्षांची होते. त्याच शरदात वडिलांनी मेंढी कापली, यकृत उलटून बघितलं, त्यावरचे फोड बघून तोंड वाकडं केलं आणि ते अंगणातल्या कुत्र्याकडे भिरकावलं. कुत्र्यानं ते हवेतच झेललं. त्या कुत्र्याच्या मानेत हात घालून मी झोपायचे. पुढे कितीतरी वर्षांनी, विद्यापीठाच्या थंड वर्गात फळ्यावर तो सगळा फेरा काढलेला बघितला तेव्हा मला वर्गातून उठून बाहेर जावं लागलं. बाहेर पाटातून बर्फाचं पाणी वाहत होतं, आणि मी त्यात मनगटापर्यंत हात बुडवून उभी होते, का ते मला आजही सांगता येणार नाही.

तर त्या कृमीच्या अंगावरचं एक प्रथिन आम्ही जिवाणूंकडून बनवून घेतो. ते अख्खं मिळालं तर ज्याच्या आत फोड आहे त्याचंच रक्त त्याला चिकटतं. तुकड्यांना कुणाचंही चिकटतं, आजाऱ्याचं आणि धडधाकटाचं सारखंच. हिवाळ्यात वीज जाऊन चार पाकिटांतली दोन खराब झाली. पेशी वाढवायचं हलतं यंत्रही त्याच झटक्यात जळलं, त्याचा सुटा भाग जूनशिवाय येणार नव्हता. तिसरं पाकीट काल तोक्तोसुन आकांना गाडीत बसवून आल्यावर मी फोडलं. आता एक उरलं होतं, आणि आज एप्रिलची अठ्ठावीस तारीख होती.

“एकेक सांग,” रापिया एजे म्हणाल्या. “हे पेपस्टॅटिन. हे कोणासाठी?”

“आम्लात चालणाऱ्या कात्र्यांसाठी.”

“तुझ्या या जिवाणूत तशा कात्र्या आहेत?”

जवळजवळ नसतातच. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं.

“म्हणजे जो माणूस गावातच राहत नाही, त्याला घाबरून तू दाराला कडी घालतेस. बरं, पुढचं. हे दोन एकच काम करतात की नाही? मग दोन का? जावा जावा आहेत, एकमेकींना सोबत म्हणून?”

गुलझातनं हातातली नळी खाली ठेवली. तिला आता खरोखर मजा येत होती. एजेंचं बोट खाली सरकत गेलं. एका नावावर त्या म्हणाल्या, हे यीस्टवाल्यांकडून आलेलं दिसतंय. आणि नाक मुरडलं. बोट ईडीटीएवर आलं आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हे रसायन धातूचे कण धरून ठेवतं, म्हणून ज्या कात्र्या धातूवर चालतात त्या बोथट होतात. पण आपलं प्रथिन वेगळं काढायची नळी निकेलवर चालते, आणि निकेलही धातूच.

“नळीचा रंग काय झाला?”

“पांढरा,” मी म्हणाले. वाटलं होतं त्याहून माझा आवाज लहान निघाला. आकाशी निळी नळी काल माझ्या डोळ्यांदेखत वरून खाली पांढरी होत गेली होती, आणि मी हातात चंचुपात्र धरून नुसती बघत उभी होते. “थोडंसंच घातलं होतं, एजे.”

“थोडंसं,” त्या म्हणाल्या. “आणि हे पीएमएसएफ. याच्यावाचून मात्र चालणार नाही, सेरीनवाल्या कात्र्या याच्या भीतीनंच थांबतात. हे कधी घातलंस?”

“नऊ दहाला.”

“पेशी कधी फोडल्यास?”

मी वहीत बघितलं. बघायची गरज नव्हती. “पावणेअकराला.”

रापिया एजे हसायला लागल्या. खुर्ची करकरेपर्यंत हसल्या, मग रुमालानं डोळे पुसले. “अगं वेडे! ते पाण्यात पडलं की मरायला लागतं. तुझ्या या द्रावणात, टेबलावरच्या उबेत, अर्ध्या-पाऊण तासात निम्मं. पाहुण्याचा एकेक पेला भरत होतीस तेव्हा ते निम्मं, निम्म्याचं निम्मं होत चाललं होतं. पेशी फोडायच्या वेळी चौथा हिस्सा उरला असेल, फार तर.” मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, “चहा दिलास ते बरोबर केलंस. औषध आधी घातलंस ते चुकलं.”

मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते त्यांना सांगण्याइतकी माझी भाषा धीट नाही. नव्वदच्या दशकात, पगार वर्षभर अडलेले असताना, त्यांच्याकडे पीएमएसएफची पाच ग्रॅमची एक बाटली होती. ती त्यांनी अकरा वर्षं पुरवली. तोंडाला फडकं, हातात मोजे, कणाकणानं मोजून, कोरड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून, पेशी फोडायच्या क्षणी थेंब सोडायचा. तेव्हाचे लोक ही गोष्ट गरिबीची म्हणून सांगतात. मीही तशीच ऐकली होती. त्या दिवशी मला वाटलं की गरिबी सगळ्यांचीच होती, पण प्रत्येक वेळी बाटलीचं झाकण उघडण्याआधी ‘आत नक्की कोण आहे’ असं विचारायची सवय एकट्या त्यांची होती. मी सहा बाटल्या ओतायचे, कारण न विचारता ओतणं सोपं होतं. विचारायचं म्हणजे पेशीच्या आत बघायचं. आणि कुठल्याही आतमध्ये बघण्याची मला लहानपणापासून धास्ती होती.

“उद्या फक्त पीएमएसएफ घाल, ताजं,” त्या म्हणाल्या. “ईडीटीए नको. गारव्यात आणि भरभर काम केलंस तर धातूवाल्या कात्र्यांना तेवढा वेळच मिळत नाही. मी कधी वापरलं नाही.”

मी मान हलवली. मान हलवून झाल्यावर लक्षात आलं की मला ते पटलेलं नाही. कालच्या जेलमधल्या खालच्या तीन रेषांपैकी एक जुनी ओळखीची होती. मागच्या वर्षीच्या कामातही ती असायची, इतकी पुसट की मी तिला डाग म्हणत आले होते. मागच्या वर्षी पीएमएसएफ ताजं होतं, आणि ईडीटीए नव्हतं. हे मी बोलले नसते. वीस वर्षांत एजेंना मी कधी ‘नाही’ म्हटलेलं नाही, त्यांनाच काय, कुणालाच. पण इथेच दोनशे बारा नळ्या फ्रीझरमध्ये उभ्या होत्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात एक नाव, आणि पाकीट एकच होतं.

“आधी चिमूटभर पेशी फोडून बघू या,” मी म्हणाले. “एका चिमटीच्या चार नळ्या. एकीत काहीच नाही, एकीत नुसतं पीएमएसएफ, एकीत नुसतं ईडीटीए, एकीत दोन्ही. तासभर बर्फात ठेवू. मला... मला वाटतं धातूवालीही एक आहे आत.”

“लावतेस पैज?”

“नाही,” मी म्हणाले. गुलझात परत हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेल रंगातून बाहेर काढलं तेव्हा आम्ही तिघी त्यावर वाकलो होतो. पहिल्या रांगेत नुसता चुरा. तिसरीत जवळपास तसाच. दुसरीत, एजेंच्या रांगेत, ठसठशीत एक रेषा आणि तिच्या खाली तो डाग, पुसट, पण आहेच. चौथीत एकच रेषा. खाली काही नाही. मी मुद्दाम डोळे बारीक करून शोधलं, कारण काही नाही यावर माझा कधी विश्वास बसत नाही. रापिया एजेंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी माझा खांदा इतक्या जोरात थोपटला की मी पुढच्या टेबलाला धरलं.

“मी चुकले!” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एखाद्या लग्नाच्या आमंत्रणानं उजळावा तसा उजळला होता. “चाळीस वर्षं मी त्या रेषेला डाग म्हणत आले. गुलझात, ये, बघ, ही चाळीस वर्षांची माझी चूक. आणि हिला माहीत होतं! बोलत नव्हती बया.”

चुकण्याचा असा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नव्हता. आमच्या घरात, सासरी, कचेरीत, चूक म्हणजे आधी कुणाची ते ठरवायची गोष्ट. ही बाई तिच्याकडे नातवाकडे बघावं तसं बघत होती. मला हेवा वाटला, आणि लगेच हेव्याची लाज वाटली, आणि मग दोन्ही ओसरलं. राहिला तो नुसता त्यांचा सुरकुतलेला, उत्साहानं लाल झालेला चेहरा आणि त्यातून सुटलेला पुढचा प्रश्न: “बरं, मग निकेलचं काय करशील?”

ते मी रात्रभर ठरवत होते. ईडीटीए घालायचं, पण नळीपाशी पोचण्याआधी काढून टाकायचं. अमोनियम सल्फेटचा क्षार घालून प्रथिन तळाशी बसवायचं, वरचं पाणी ईडीटीएसकट फेकून द्यायचं, मग गाळणीच्या पिशवीत घालून दोनदा धुवायचं. जुनी, वेळखाऊ रीत. एजेंच्याच तरुणपणातली. त्या ऐकत होत्या आणि बोटांवर पायऱ्या मोजत होत्या. एकाही पायरीला त्यांनी ‘पण’ म्हटलं नाही.

तीस तारखेला सकाळी मी शेवटचं पाकीट काढलं. आतल्या पेशी मळून ठेवलेल्या पिठासारख्या, किंचित पिवळट. द्रावण बर्फात, ईडीटीए आधीच त्यात. पीएमएसएफची कुपी वेगळी, कोरडी, बंद. नेमकं तेव्हा दार वाजलं, बोलवायला कुणी आलं होतं. शेजारच्या विभागातल्या बाईंना नात झाली होती, जेवणाचं दस्तरखान मांडलेलं होतं, कणकेचे बोरसोक तळलेले होते, सगळ्यांनी यायचंच. मी कांडी हातात धरून उभी होते. रापिया एजे खुर्चीतून उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“बुरुल आज येणार नाही,” त्या माझ्या वतीनं म्हणाल्या.

“अहो एजे, नान तरी तोंडाला लावून जाऊ द्या. बाळाच्या नावाचा आहे!”

“तिच्या वाटचा मी खाते. दात नाहीत, पण दोघींचा खाईन. चला.” आणि जाता जाता, मागे न बघता, मला म्हणाल्या, “थेंब कधी सोडतेस ते वहीत लिही.”

दहा वाजून चार मिनिटांनी थेंब सोडला. दहा वाजून पाचला कांडी सुरू केली. दहा सेकंद आवाज, तीस सेकंद शांतता. आवाज दातांत शिरतो, शांततेत बर्फ कुरकुरताना ऐकू येतो. आधी ते सगळं घट्ट, तार धरणारं झालं, मग हळूहळू सैल, मग गवती चहासारखं पारदर्शक. भिंती पडल्या होत्या. आत जे काही होतं, ते सगळं आता एकमेकांत होतं, आणि मला पहिल्यांदाच त्याची धास्ती वाटली नाही, कारण त्यात कोण कोण आहे हे मी विचारून घेतलेलं होतं. दोन कात्र्या. दोघींना बांधलेलं. बाकी कुणी नाही.

एक रेषा आली. तिची गोष्ट इथे वाढवत नाही. त्यानंतरचे अठरा दिवस नळ्या, ताटल्या आणि पिवळा रंग वाचणाऱ्या यंत्रापुढे गेले. प्रत्येक रक्त तीनदा तपासलं. दोनशे बारांपैकी सात.

सहा जणांना तोक्तोसुन आकांनी घरी जाऊन सांगितलं. सातवी बाई गावाबाहेर, कळपाच्या तळावर होती, तिथे फक्त फोन लागायचा. एकोणीस मेला दुपारी मी तो लावला. यादीत लिहिलं होतं, उमसुनाय, वय चौतीस.

“कोण? मोठ्यानं बोला, मेंढ्या ओरडतायत!”

“बिश्केकहून बुरुल. फेब्रुवारीत शाळेत रक्त घेतलं होतं, ती.”

“अगं तू होय! बरी आहेस ना? आई बरी? काम बरं? आम्ही पहाटेच निघतोय बघ वर, सगळं लादून झालंय. तू ये जुलैत, घोडीच्या दुधाचं कुमीस पाजते.”

“उमसुनाय, वर जाऊ नकोस. आधी ओशच्या दवाखान्यात जा. पोटाचं चित्र काढून घे, मी डॉक्टरांचं नाव देते.”

“मला काही होत नाहीये गं. काल पन्नास मेंढ्या कातरल्या मी. दिवसभर घोड्यावर असते.”

“आत्ता काही जाणवणारच नाही. घोड्यावर असतेस म्हणूनच सांगतेय.”

“तुमच्या त्या नळ्या चुकत नाहीत का कधी?”

टेकू सगळे आले. ओळीनं, मापासकट, जिभेच्या टोकापर्यंत. मी त्यांच्याकडे एकेक करून बघितलं. त्यांतला एकच खरा होता.

“चुकू शकतात,” मी म्हणाले. “चित्रात काही नाही निघालं तर तू मला शिव्या घाल. पण चित्र काढायला तू गेलंच पाहिजेस. यात मी चुकत नाहीये.”

वाऱ्याची घरघर येत होती. मग तिनं फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण पुढचं ती कुणाला तरी ओरडून सांगत होती, आणि मला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

“झुमा! ए झुमा! ट्रकातनं माझी वळकटी खाली काढ.”